बुरशी न धरलेले डबे

६ फेब्रुवारी

तिसरा आठवडा उलटला आणि कोल्ड रूममधल्या माझ्या चीजच्या एकाही डब्यावर बुरशी नाही. शेजारी अर्क न घातलेले डबे ठेवलेत, त्यांना हिरवी-काळी दाढी फुटली आहे. टिल्लीला हाक मारली. ती पोट सांभाळत आली, दोन्ही रांगा पाहिल्या आणि म्हणाली, "आई, तू जादूगार आहेस." इतकी वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण अशी शाबासकी कुणी दिली नव्हती.

टिल्लीचे बाबा गेल्यापासून माझं घर बंद करून मी लेकीकडे राहते. टिल्ली हे लाडाचं नाव. लहानपणी वर्गात सगळ्यात ठेंगणी होती, ते चिकटलं ते चिकटलंच. घराच्या मागच्या बाजूला तिचा आणि जावयांचा चीजचा कारखाना आहे. कारखाना आपलं म्हणायचं. दोन खोल्या, दूध तापवायची टाकी, स्टीलचं लांब टेबल आणि एक कोल्ड रूम. ब्रेडला लावायचं मऊ, पांढरं चीज करतात. चव झकास, पण आठवडाभरात बुरशी धरते आणि दुकानदार डबे परत पाठवतात. ते रिकामे करताना टिल्लीचा चेहरा बघवत नाही.

इथे आल्यापासून भाजी चिरणं आणि टीव्हीचा आवाज कमी करा म्हणणं, एवढीच माझी कामं. मग एक दिवस वाटलं, झाडं जन्मभर बुरशीशी झुंजत असतात, त्यांनाच विचारू या. लवंगेच्या कळ्या आणि दालचिनीची साल कुटली, अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली, मंद आचेवर आटवली. बरणीत तपकिरी अर्क उरला. पुन्हा कामाला आल्यासारखं वाटतंय.

९ फेब्रुवारी

पुरवणीकडे जाऊन आले. ही माझी जुनी विद्यार्थिनी. प्रत्येक परीक्षेत पुरवणी मागायची, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं. आता अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मागे अर्क तपासायला दिला होता, त्याच्या काचेच्या तबकड्या तिने दाखवल्या. जंतूंचा दुधट थर आणि मधोमध, अर्काचा थेंब जिथे पडला तिथे, स्वच्छ गोल रिंगण. एकही जंतू नाही. मी तबकडी उजेडासमोर धरून किती वेळ बघत बसले.

पुरवणी म्हणाली, "मॅडम, रिंगण सुंदर आहे. पण ही तबकडी आहे, चीज नाही. चीजमध्ये स्निग्ध असतं, त्यात अर्क अडकून बसतो. तिथे एवढा चालेलच असं नाही. शिवाय थंडीत वाढणारे जंतू मी यात धरलेले नाहीत. ते वेगळं करावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

"दीड-दोन महिने."

बुरशी जाते हे डोळ्यांनी दिसतंय, आणखी काय हवं? म्हटलं, बघू. या मुलीचं उत्तर अजूनही पानात मावत नाही.

१५ फेब्रुवारी

चवीचं भांडण. जावयांनी पहिला घास घेतला आणि गाल धरून बसले. "आई, जीभ बधिर झाली. दात काढायला आलोय की काय?" टिल्ली हसून हसून वाकली. जानेवारीतच निम्म्या अर्काचे डबेही लावले होते, ते उघडले. तरी लवंग डोकावतेच. मग त्याच्याही निम्म्या अर्काचे. आता फक्त मागाहून एक ऊबदार वास येतो, चव छान लागते. आणि बुरशी? अजूनही नाही! एवढ्याशा अर्काला घाबरते बिचारी.

१९ फेब्रुवारी

टिल्लीला पाचवा महिना सरत आला तरी अन्नावर वासना नाही. भात नको, अंडं नको, दुधाचा वास नको. जातं ते एकच, भाजलेल्या ब्रेडवर चीज. मी रोज सकाळी तिला दोन काप देते. निरीक्षणासाठी ठेवलेले कमी अर्काचे जुने डबे आहेत, त्यातलं. एक तर वाया जात नाही, आणि मुरल्यामुळे चव आणखी खुलली आहे. जावई म्हणाले, "जुनं कशाला, ताजं द्या की." मी डबा त्यांच्या नाकाशी नेला. "सांगा बघू, कशात जुनं आहे?" त्यांनी वास घेतला आणि हात जोडले.

नातवंड माझ्या अर्कावर पोसलं जातंय. हे फक्त इथेच लिहिते. मोठ्याने म्हटलं तर टिल्ली चिडवेल.

२६ फेब्रुवारी

कोल्ड रूमच्या जमिनीत एक मोरी आहे, लोखंडी जाळीची. टेबल धुतलं की पाणी तिथे जातं. तिला कायम एक कुबट वास. जावई दर शनिवारी जाळी उचलून, गुडघ्यांवर बसून, ब्रशने घासायचे आणि उकळतं पाणी ओतायचे. पाठ धरते त्यांची. आज मी अर्क गाळून उरलेला चोथा पाण्यात कालवला आणि तिथे ओतला. संध्याकाळपर्यंत वास गायब. खोलीत शिरलं की लवंगेची वखार वाटते. जावई खूश. म्हणाले, "आई, आता दर शनिवारी मला सुट्टी."

८ मार्च

नव्या डब्यांवरची पट्टी छापून आली. 'रसायन नाही. फक्त कळी आणि साल.' ओळ माझी आहे. खाण्याची मुदत आठ दिवसांची होती, ती महिनाभर केली. दुकानदारांनी एकदम दुप्पट माल उचलला. आता परत काही येत नाही.

पुरवणीचा फोन आला. कुणीतरी तिला डबा दाखवला म्हणे. "मॅडम, महिन्याची मुदत कोणत्या तपासणीवर दिलीत?"

"माझ्या डोळ्यांवर," मी म्हणाले.

ती म्हणाली, "डोळ्यांना न दिसणारेही असतात, मॅडम. तुम्हीच शिकवलंय."

मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर राग आला. शिकवलेलं आपल्यालाच ऐकवतात.

१७ मार्च

टिल्लीला ताप. अंग ठेचल्यासारखं दुखतंय म्हणते, कंबर धरली आहे. दिवसभर टेबलापाशी उभी असते, दुखणारच. जावयांना स्पष्ट सांगितलं, आजपासून हिला कारखान्यात पाय ठेवू द्यायचा नाही.

१९ मार्च

ताप उतरला. थकलेली आहे, पण हसली. काही नको म्हणत होती. मी उशीला टेकवून बसवलं आणि लहानपणी भरवायचे तसे चार घास भरवले. "हा काऊचा, हा चिऊचा" सुद्धा म्हटलं. "आई, पुरे," म्हणाली, पण खाल्लं सगळं.

२३ मार्च

बाळ कालपासून फार हललं नाही म्हणते. मी म्हटलं, झोपाळू असेल. तूही पोटात अशीच आळशी होतीस, नववा महिना लागेपर्यंत एक लाथ धड मारली नाहीस. तिला तेवढ्याने बरं वाटलं. उद्या सकाळी जावई दाखवून आणणार आहेत.

२५ मार्च

मुलगी होती.

२८ मार्च

लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि लिहायला काही सुचत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहिलं आणि पडदा आमच्याकडून थोडा वळवला. तेवढ्यावरून मला कळलं. टिल्लीला नाही कळलं. ती विचारत राहिली, "ठोके लागतायत ना? लागतायत ना?" मग तिला त्या मुलीला जन्म द्यावा लागला. रात्र आणि अर्धा दिवस. मी तिचा हात धरून होते. बाळाला पुसून, गुंडाळून आणलं. नाक टिल्लीचं होतं. जावयांनी एकदा घेतलं आणि कुणाला द्यावं ते न कळून तसेच उभे राहिले. शेवटी मी घेतलं.

टिल्लीला परत ताप चढला आहे. सलाईनमधून औषध चालू आहे. रक्त तपासायला पाठवलंय.

३१ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. रक्तात एक जंतू वाढला, लिस्टेरिया. त्या शांतपणे सांगत होत्या, "अन्नातून येतो. आईला नुसता ताप आल्यासारखं होतं, अंग दुखतं, आणि जातं. पण वारेतून तो बाळापर्यंत पोचतो. फ्रीजमध्ये इतर जंतू थंडावतात, हा वाढत राहतो. गेल्या दीड-दोन महिन्यांत यांनी काय काय खाल्लं? थंड ठेवलेलं मांस? मऊ चीज?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहिलं.

"आमचंच चीज खायची," मी म्हणाले. "पण त्यात अर्क आहे. त्याला बुरशी लागत नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुरशीचं मी विचारत नाहीये."

खाली येऊन बाकावर बसले. नाव मला नवीन नव्हतं. पुरवणीने 'थंडीत वाढणारे' म्हटलं तेव्हा त्यात तेच होतं. पण मनाला अजून वाटतंय, दुसरीकडून आलं असेल. भाजीतून. बाहेरच्या कशातून तरी.

१ एप्रिल

डबे पुरवणीला नेऊन दिले. मोरीतल्या चिकट थरावर फिरवलेला कापसाचा बोळाही दिला. तिने हातमोजे घालून डबे घेतले आणि म्हणाली, "मॅडम, दुकानात किती आहेत?"

जावयांना म्हटलं, आजच सगळा माल परत आणू या. ते म्हणाले, "आई, अहवाल येऊ द्या. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. दुकानदारांना काय सांगू? आमचं मूल गेलं म्हणून सांगू?" त्यांचा आवाज फाटला.

दुपारी मी एकटीच पिशव्या घेऊन निघाले. पहिल्या दुकानात चीज पुढच्याच फळीवर होतं. मी डबे भरायला लागले तसा दुकानदार धावत आला.

"अहो मावशी, हे काय? आत्ता तर गिऱ्हाईक लागलंय याला."

"माल बिघडलाय."

"बिघडलाय?" त्याने एक डबा उघडला, नाकाशी नेला, डोळे मिटले. "वास बघा काय मस्त येतोय. घरी आम्ही हेच खातो. तुम्ही उगाच घाबरताय." आणि त्याने बोट बुडवलं.

मी त्याचं मनगट धरलं. बोट तोंडापर्यंत पोचलं नव्हतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मावशी, हात सोडा, लागतंय."

डबा माझ्याही नाकापाशी आला होता. खरंच, इतका ताजा, इतका ऊबदार वास. बिघडलं असतं तर वास आला असता, बुरशी दिसली असती, त्याने स्वतःच फेकून दिलं असतं. टिल्लीनेही फेकलं असतं. तिला तर तेव्हा साध्या दुधाचाही वास सहन होत नव्हता.

तिथेच, फळीला धरून, मला समजलं.

२ एप्रिल

सकाळी जावई न बोलता गाडी काढून दारात उभे होते. दिवसभरात सगळी दुकानं केली. विकले गेलेले डबे कुठून आणणार?

४ एप्रिल

पुरवणी स्वतः आली. डब्यांत आहे, टेबलाच्या फटीत आहे, मोरीत तर थरच्या थर. टिल्लीच्या रक्तातला आणि आमच्या मोरीतला एकच आहे का, ते कळायला वेळ लागेल, पण तिला शंका नाही. दूध तापवताना तो मरतो. नंतर मोरीतून, शिंतोड्यांनी, टेबलावर आणि डब्यात गेला असणार.

मी विचारलं, "अर्काने काहीच केलं नाही?"

"केलं ना, मॅडम. बुरशी मारली, नासवणारे, आंबवणारे जंतू मारले. एरवी त्यांच्यामुळेच लोकांना कळतं की आता खायचं नाही. एवढ्या पातळ अर्काने हा मात्र मेला नाही. याला रिकामं घर मिळालं आणि राहायला महिना."

एवढं सांगून तीच रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी जोर धरायला हवा होता," म्हणत होती. मी तिला म्हटलं, तू धरला होतास.

टिल्ली कालच दवाखान्यातून घरी आली होती, आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

७ एप्रिल

अन्न निरीक्षक आले, कारखान्याला सील लावलं. त्यांनी विचारलं, "मुदत कुणी वाढवली?"

"मी," जावई म्हणाले.

मी लगेच पुढे झाले नाही. क्षणभर वाटलं, होऊन जाऊ दे. मग म्हणाले, "नाही, मी." तो क्षण कुणाला दिसला नाही. म्हणून तो इथे लिहिते.

निरीक्षकांनी जाताना सांगितलं की आणखी तिघे जण सापडलेत. दोघं बरी होतायत. पलीकडच्या गल्लीतले चित्रकलेचे म्हातारे मास्तर गेले. मेंदूपर्यंत पोचलं.

१२ एप्रिल

मास्तरांच्या घरी जाऊन आले. जावई नको म्हणत होते, टिल्लीला सांगितलंच नव्हतं. त्यांची बायको एकटीच होती. भिंतीवर मास्तरांनी काढलेली फळांची चित्रं, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर. मला वाटलं होतं, तिला कुणी सांगितलं असेल. तिला वाटत होतं, वयाने गेले.

"गिळायला त्रास व्हायचा हो त्यांना," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तुमच्याकडचं ते चीज तेवढं जायचं. मऊ असतं ना. मी चमच्याने द्यायची."

मी सांगितलं. सगळं, अर्कापासून. ती ऐकत राहिली. बोटाने टेबलावरच्या कापडाची घडी मोडत होती, परत घालत होती.

मग म्हणाली, "त्यांची वेळ भरली होती, असं मी रोज स्वतःला समजावते. आता काय समजावू?"

तिने मला दारापर्यंत सोडलं.

जड गेलं. पण खरं बोलले, लपवलं नाही. कितीतरी दिवसांनी छाती जरा मोकळी झाली.

१३ एप्रिल

टिल्लीला कळलं. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते, ती येऊन दारात उभी राहिली. इतके दिवस माझ्यावर ओरडली नाही, आजही नाही.

"तिला का सांगितलंस, आई?"

"कळायला नको का तिला?"

"निरीक्षक सांगणारच होते. त्यांच्या पद्धतीने, कुणाला तरी सोबत घेऊन. तू एकटीला गाठून सांगितलंस. आता ती चमचा हातात घेईल तेव्हा तिला काय वाटेल?"

"मला राहवलं नाही गं."

"तेच म्हणतेय मी. तुला राहवलं नाही."

मी नळ बंद केला. म्हणाले, "टिल्ली, मी तुझी..."

"नको." तिने हात वर केला. "माफी नको मागूस, आई. तू मागितलीस की मला द्यावी लागेल. तू रडायला लागशील आणि मी तुला जवळ घेईन. रोज तेच चाललंय. तू जेवलीस का बघते, तू झोपलीस का बघते. मला माझ्या मुलीसाठी रडायला जागाच मिळत नाहीये या घरात."

मी ओले हात पदराला पुसले.

"तू थोडे दिवस तुझ्या घरी जा," ती म्हणाली. "रागाने नाही सांगत."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

१६ एप्रिल

जावयांनी बॅग गाडीत ठेवली. टिल्ली बाहेर आली नाही, खिडकीशी होती. मागच्या अंगणात माणसं कोल्ड रूमची जमीन फोडत होती, मोरी मुळापासून काढायची आहे. घणाचे घाव पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होते.

स्टँडवर जावयांनी माझं तिकीट काढून आणलं, पाण्याची बाटली हातात दिली. म्हणाले, "पोचलात की फोन करा, आई." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला करा. तिला नको."

१७ एप्रिल

पोचले. कुलूप गंजलं होतं, शेजाऱ्यांनी तेल घालून उघडून दिलं. घरभर धूळ. जावयांना फोन केला. प्रवास कसा झाला, गर्दी होती का, असं दोघंही बोललो.

मग मी विचारलं, "आहे का जवळ?"

"आहे."

"काय करतेय?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग जावई दबक्या आवाजात म्हणाले, "रडतेय, आई."

मी म्हटलं, "रडू दे." आणि फोन ठेवला.